फ्रीजरमधली वीट आणि भाच्याचा ड्राइव्हवे

मार्चमध्ये भाच्याने व्हॉट्सॲपवर अकरा फोटो पाठवले. तो अमेरिकेत कोलोरॅडोत राहतो, डेन्व्हरच्या पश्चिमेला डोंगरात, अडीच हजार मीटर उंचीच्या आसपास. फोटोत त्याच्या रस्त्यापासून गॅरेजपर्यंतची काँक्रीटची वाट होती, तिकडे तिला ड्राइव्हवे म्हणतात, आणि घरामागचं उघडं अंगण, म्हणजे पॅटिओ. वरचा पापुद्रा जागोजागी उडालेला, आतली गिट्टी दात विचकल्यासारखी उघडी. खाली मजकूर: "मामा, घराला पंधरा वर्षंही झाली नाहीत. इथला ठेकेदार म्हणतो वरून एक थर मारू, दोन दिवसांत नवं होईल. मारू का?"

मी इंदूरचा. चाळीस वर्षं इथे काँक्रीट ओतलं, पण बर्फ बघितला तो गोळ्यावर काला-खट्टा टाकून. आमच्याकडे पारा पाच-सहावर आला की पेपरात पहिल्या पानावर बातमी येते. तेव्हा त्याला लिहिलं, "दोन आठवडे दे." आणि एक वीट फोडून फ्रीजरमध्ये ठेवली.

दोन तुकडे केले होते. एक रात्रभर बादलीत बुडवलेला, दुसरा ठणठणीत कोरडा, पिशवीत गुंडाळलेला. रात्री दोन्ही फ्रीजरमध्ये, सकाळी दोन्ही ओट्यावर. ओल्याला दिवसभर पुन्हा बादली. घरात यावर जे बोललं गेलं ते इथे लिहीत नाही. बाराव्या दिवशी ओल्या तुकड्याची कड अंगठ्याने दाबली तर खारी तुटावी तशी खपली हातात आली. कोरडा तुकडा जसाच्या तसा. थंडी दोघांनी सारखीच खाल्ली होती. एकात पाणी होतं, एवढाच फरक.

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, हे आपण शाळेत शिकलो. काँक्रीट दिसायला दगड, पण आतून जाळीदार. सिमेंटला रासायनिक क्रियेपुरतं पाणी थोडंच लागतं. माल सैल व्हावा, थापीखाली पसरावा म्हणून आपण जास्तीचं ओततो. ते पुढे उडून जातं आणि मागे केसाहून बारीक वाटा सोडतं. पावसाचं, वितळलेल्या बर्फाचं पाणी याच वाटांनी आत येतं. काचेची बाटली नऊ दशांश भरून फ्रीजरमध्ये ठेवली तर बर्फाला फुगायला जागा असते. गळ्यापर्यंत भरली तर बाटली जाते. काँक्रीटचंही तसंच. आतली पोकळी साधारण ९१-९२ टक्क्यांपर्यंत भरेतो ते निभावून नेतं, त्यापुढे फाटायला लागतं.

म्हणूनच जिथे महिनोन् महिने पारा शून्याखाली बसून राहतो तिथल्यापेक्षा भाच्याच्या डोंगरात काँक्रीटचे हाल जास्त. तिथे हिवाळ्यातही दुपारी लख्ख ऊन पडतं. बर्फ वितळतो, पाणी जिरतं, रात्री गोठतं. दुसऱ्या दिवशी तेच. प्रत्येक फेरीत फट जराशी वाढते आणि पुढच्या खेपेला थोडं जास्त पाणी आत घेते.

यावरचा उपाय अपघाताने सापडला, आणि तो मला फार आवडतो. १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या काही रस्त्यांवर असं दिसलं की एका प्रकारच्या सिमेंटचं काँक्रीट बर्फात टिकतंय, बाकीचं सोलतंय. शोध घेतला तेव्हा कळलं की ते सिमेंट दळताना त्यात चरबी टाकली होती, दळण सोपं व्हावं म्हणून. चरबीमुळे काँक्रीट कालवताना साबणासारखे बारीक बुडबुडे धरले गेले होते. पुढे १९४०च्या दशकात पोर्टलँड सिमेंट असोसिएशन या तिकडच्या सिमेंटवाल्यांच्या संस्थेतल्या टी. सी. पॉवर्स यांनी त्यामागचं गणित मांडलं. गोठताना ढकललं जाणारं पाणी जवळच्या बुडबुड्यात शिरतं आणि दाब उतरतो. अट एवढीच की बुडबुडा जवळ हवा, साधारण ०.२ मिलिमीटरच्या आत. भलीमोठी पोकळी दूर असून उपयोग नाही; गल्लोगल्ली लहान आडोसे हवेत. आज यासाठी वेगळं रसायन मिळतं. काँक्रीटच्या आपल्या भारतीय मानकात, आयएस ४५६:२००० मध्येही, ओल्या गोठणाऱ्या जागेसाठी, २० मिलिमीटर गिट्टीच्या काँक्रीटमध्ये सुमारे ५ टक्के हवा सांगितली आहे. मनाली किंवा लेहकडे काही बांधणार असाल तर ठेकेदाराला हे विचारा. चेहऱ्यावरून उत्तर कळेल.

मग भाच्याच्या काँक्रीटमध्ये हवा नव्हती का? बहुधा होती, पण वरच्या पापुद्र्यात उरली नसावी. फोटोत खपल्या फक्त वरच्या, नखाएवढ्या जाड. खालचा भाग घट्ट. हे गवंड्याच्या हातचं काम. काँक्रीट ओतल्यावर थोडं पाणी आपोआप वर येतं. ते आटायच्या आत गुरमाळा फिरवला, किंवा सुकतंय म्हणून वरून पाणी शिंपडून घोटलं, तर वरचा थर पाणचट होतो आणि त्यातले बुडबुडे निघून जातात. आपल्याकडे तर कोरडं सिमेंट भुरभुरून आरशासारखं घोटणं हीच कारागिरी मानतात, आणि इंदुरात ते चालूनही जातं. बर्फाच्या गावात ती चकाकी दोन-तीन हिवाळ्यांत सोलून निघते. तिथे पृष्ठभाग झाडू ओढून खरखरीत ठेवतात. पाय घसरत नाही हा वरचा फायदा.

आता मीठ. बर्फ वितळवायला तिकडे रस्त्यांवर मीठ टाकतात, कोलोरॅडोत मॅग्नेशियम क्लोराइडचं द्रावणही फवारतात. ते गाडीच्या चाकांना आणि पत्र्याला लागून घरी येतं आणि गॅरेजच्या तोंडाशी रात्रभर ठिबकतं. भाच्याच्या फोटोत सगळ्यात वाईट पट्टा बरोबर तिथेच होता. गंमत अशी की खूप खारट पाण्याने तितकं नुकसान होत नाही आणि गोड्या पाण्यानेही नाही. सगळ्यात वाईट ३ टक्क्यांच्या आसपासचं, म्हणजे साधारण समुद्राच्या पाण्याइतकं खारट. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या व्हॅलेन्झा आणि शेरर यांनी याचं दिलेलं कारण मला पटतं. बर्फाचा थर काँक्रीटला गोंदासारखा चिकटतो. थंडी वाढली की तो काँक्रीटच्या सुमारे पाचपट आकसतो. गोड्या पाण्याचा बर्फ मजबूत, तो ताण सोसतो. फार खारट बर्फ मऊ, तो ताण घेतच नाही. मधल्या खारटपणाचा बर्फ तडकतो आणि तडा जाताना खालच्या काँक्रीटची खपली ओढून नेतो. पट्टी ओढताना केस निघावेत तसं. मॅग्नेशियम क्लोराइड याशिवाय सिमेंटच्या बांधणीवरच रासायनिक हल्ला करतं. आणि अमोनियम नायट्रेट किंवा अमोनियम सल्फेट, म्हणजे बागेसाठी आणलेलं खत, बर्फावर कधीच टाकू नये. ते काँक्रीट अक्षरशः खातं. घसरण थांबवायला साधी वाळू पुरते.

इथवर आलं की "थर मारू का" याचं उत्तर देता येतं, आणि ते ठोकून बघितल्याशिवाय नाही.

मी भाच्याला हातोडी घेऊन बसायला सांगितलं. हातभर अंतरावर ठोकत जायचं. घट्ट काँक्रीट टणटणीत वाजतं, आतून सुटलेलं असेल तर भद् आवाज येतो, मडकं घेताना आपण वाजवून बघतो तसा. भद् वाजेल तिथे खडूने गोल. मोठ्या जागेवर लोखंडी साखळी जमिनीवरून ओढत नेतात, आवाज बदलला की कळतं. मशिनं बरीच आली, पण ही परीक्षा अजून कुणी निकालात काढलेली नाही.

खडूचे गोल नकाशासारखे दिसले की तीन गोष्टी वेगळ्या करायच्या. फक्त वरचा पापुद्रा गेलाय आणि खाली टणटणीत आहे, तर नवा थर बसेल. काँक्रीट खोलवर भुसभुशीत झालंय, तर थर म्हणजे तापलेल्या माणसाला नवी शाल; आतलं काँक्रीट खालून ओल घेत राहील आणि तुमच्या नव्या थरासकट सुटेल. तिसरी गोष्ट म्हणजे फरशीच, म्हणजे काँक्रीटचा अख्खा चौकोनच, उचलली गेली आहे किंवा खचली आहे. हे काँक्रीटचं दुखणं नव्हे, मातीचं आहे.

हे माळव्यातल्या माणसाला सांगायची गरज नाही. आमची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा टाकते, आणि वरच्या ओट्याला सोबत नाचवते. थंड प्रदेशात हेच काम गोठणारी माती करते, फक्त कारण निराळं. बारीक कणांची माती वात तेल ओढते तसं खालून पाणी ओढत राहते आणि जमिनीखाली बर्फाचे चकत्यांसारखे थर वाढत जातात. फुगणं फक्त पाण्याच्या ९ टक्क्यांचं नसतं, हे अमेरिकन भूशास्त्रज्ञ स्टीफन टॅबर यांनी १९३०च्या सुमारास फार हुशारीने दाखवलं. गोठताना आकसणारं बेंझीन त्यांनी मातीत भरलं, तरीही माती उचलली गेली. म्हणजे फुगवटा येतो तो खालून सतत ओढल्या जाणाऱ्या नव्या पाण्यामुळे. अशा ठिकाणी फरशी तोडून खालची माती बदलून, खडीचा निचरा होणारा थर घालूनच नवीन ओतायचं. वरून कितीही महागडं मटेरियल लावा, माती त्याला जुमानत नाही.

समजा परीक्षेत पास झालं. आता कामाचा ऐंशी टक्के भाग उरतो, तो म्हणजे साफसफाई. हे मी अनुभवाने सांगतो, आणि अनुभव लाजिरवाणा आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी इंदुरातच एका इमारतीच्या पार्किंगवर मी पातळ टॉपिंग, म्हणजे असाच वरचा थर, केलं. घाई होती, लग्नाचा मांडव पडायचा होता. पाण्याने धुतलं, पकड यावी म्हणून छिन्नीने मारायचे टाचे जेमतेम मारले आणि ऑइलचे डाग "काय होतंय" म्हणून सोडून दिले. पुढच्या मे महिन्यात थर पापडासारखा वर आला. तो हातात उचलून बघितला तर खालच्या बाजूला जुन्या फरशीची धूळ पिठासारखी लागलेली. नवा थर चिकटला होता, पण धुळीला. पैसे माझे गेले, आणि जायलाच हवे होते.

म्हणून आधी सुटं सगळं काढायचं. जोरदार दाबाच्या पाण्याच्या फवाऱ्याने किंवा छर्रे मारणाऱ्या मशिनने, जुनी गिट्टी किंचित उघडी पडेल आणि हाताला जाड पॉलिश पेपरसारखं लागेल इतपत. ॲसिडने धुण्याचा सोपा रस्ता मी टाळतो. ते नीट निघालं नाही तर जोडच कुजतो. मग जागोजागी पाण्याचे थेंब टाकून बघायचे. जिरले तर ठीक. मोत्यासारखे उभे राहिले तर तिथे जुनं सीलर, म्हणजे पाणी अडवायला वरून लावलेला लेप, किंवा तेल आहे, पुन्हा घासा.

भेगांचं वेगळं शास्त्र. मेलेली भेग भरता येते, जिवंत भेग भरूनही वर येते. आमच्या वेळी भेगेवर आडवी काचेची पट्टी चिकटवून ठेवायचे. महिन्या-दोन महिन्यांत काच तडकली तर भेग जिवंत. जिवंत भेगेत लवचीक सीलंट, आणि वरच्या थरातही तिथे जोड ठेवायचा. मूळ फरशीत कापलेले सांधे असतात, तेही नव्या थरात नेमके त्याच जागी कापून घ्यायचे. गणित बघा: काँक्रीट दर अंशाला लांबीच्या एक लाखांशाने वाढतं. सहा मीटरची वाट, हिवाळ्यातल्या रात्रीपासून उन्हाळ्यातल्या दुपारपर्यंत ४० अंशांचा फरक, म्हणजे जवळजवळ अडीच मिलिमीटर हालचाल. सांधा झाकला म्हणून ती थांबत नाही. थर स्वतःच कुठेतरी फाटतो, आणि तो वाकडातिकडा.

थर कशाचा? साध्या सिमेंट-वाळूचा पातळ थर तिथे टिकत नाही. पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा तयार माल येतो, ॲक्रिलिकचा किंवा एसबीआर नावाच्या रबरासारख्या द्रवाचा. पॉलिमरचे कण सुकताना एकमेकांत मिसळून जाळं करतात, त्याने पकड येते, थोडी लवचीकता येते आणि पाणी कमी शिरतं. साधारण ३ ते १० मिलिमीटर जाडी; त्याहून खोल खड्डे आधी दुरुस्तीच्या मालाने भरून घ्यायचे. पांढऱ्या लाकडी गोंदाच्या जातीचं, म्हणजे पीव्हीए, जोडासाठी बाहेर वापरू नये. ते ओलं झालं की पुन्हा मऊ होतं. इपॉक्सीचा गुळगुळीत थरही उघड्यावर नको. तो उन्हात पिवळा पडतो, काँक्रीटपेक्षा कितीतरी जास्त फुगतो-आकसतो, आणि खालची ओल बाहेर पडू देत नाही.

लावताना जुनी फरशी ओली हवी, पण चकाकता कामा नये. कोरडी असेल तर ती नव्या थरातलं पाणी शोषते आणि थर पिठूळ राहतो. पाणी साचलेलं असेल तर मधे पाण्याची फिल्म बसते. थालीपीठ थापताना फडकं जसं ओलं करून पिळतो, तेवढीच ओल. आधी थोडा माल पातळ करून ब्रशने खरडून घासायचा, तो सुकायच्या आत वरचा थर ओढायचा, शेवटी झाडू.

वेळ म्हणजे अर्थातच उन्हाळा. फरशीचं तापमान १० अंशांच्या वर आणि चढतं हवं. हवेचं नव्हे, फरशीचं, कारण डोंगरात सकाळी दहाला हवा उबदार असते आणि फरशी रात्रीच्या थंडीतच अडकलेली. पहिल्या गोठणीआधी नव्या मालात निदान ३.५ मेगापास्कल ताकद आलेली असावी, असा नियम आहे. मी म्हणतो, नियमाच्या काठावर जाऊच नये. पहिल्या बर्फाआधी किमान महिना हातात ठेवा, आणि त्या पहिल्या हिवाळ्यात मिठाचा दाणाही नको. उंचावरची हवा कोरडी, वारा सतत, ऊन तिखट, त्यामुळे थर डोळ्यांदेखत सुकून बारीक भेगा टाकतो. दुपारचं ऊन टाळून सावलीच्या बाजूने काम चालू करायचं आणि डब्यावर सांगितलं असेल तशी तराई, म्हणजे थरातली ओल टिकवणं, करायची. पॉलिमरच्या काही मालांना पाणी मारणं चालत नाही, एवढं मात्र डबा उघडण्याआधी वाचा. आमच्याकडे ते उघडल्यानंतर वाचतात, तेही तक्रार आल्यावर.

शेवटी सीलर. दुकानात चकचकीत फिल्म देणारे असतात, ते फोटोला छान. बर्फाच्या जागी सिलेन किंवा सिलोक्सेनचं, आत जिरणारं घ्यावं. ते छिद्रं बुजवत नाही, छिद्रांच्या भिंतींना पाण्याचा तिटकारा लावतं: बाहेरचं पाणी आत येत नाही, आतली वाफ बाहेर पडते. दिसायला काहीच फरक दिसत नाही, म्हणून लोकांना पैसे वाया गेल्यासारखे वाटतात.

भाच्याने हातोडी मारून खडूचे गोल पाठवले. पॅटिओ जवळजवळ सगळा टणटणीत होता. ड्राइव्हवेचे गॅरेजजवळचे दोन चौकोन पार गेलेले, आणि त्यातला एक बोटभर उचललेलाही. मी सांगितलं: ते दोन तोडून नवे ओत, बाकीच्यावर थर मार, जुलैमध्ये. ठेकेदाराला हे आवडलं नाही. त्याचं गणित सगळ्यावर एकच थर असं होतं.

मग मी भाच्याला घराच्या त्या कोपऱ्याचा फोटो मागितला. छपरावरची पन्हळ एका पाइपातून खाली येत होती आणि पाइपाचं तोंड बरोबर त्याच उचललेल्या चौकोनावर सुटलेलं. इतकी वर्षं सगळ्या छपराचा वितळलेला बर्फ तिथेच जिरत होता. दुसऱ्या दिवशी भाच्याने दुकानातून दोन मीटरचा पाइप आणला, तोंड उताराकडे वळवलं, आणि फोटो पाठवला. पाइपाखाली अजून थोडा बर्फ होता, आणि तो दुसरीकडे वितळत होता.